उद्याचा भोंडला आमच्याकडे

१

डब्याच्या नुसत्या आवाजावरून आत काय आहे हे तुम्हाला ओळखता येतं का?

मला येतं. चुरमुरे, शेंगा, शंकरपाळे, प्रत्येकाचा आवाज वेगळा असतो. लहानपणी भोरला भोंडल्यात खिरापती ओळखून ओळखून माझे कान तयार झाले. आमच्या आळीत माझ्यापुढे कुणाची खिरापत टिकायची नाही. शिक्षण अकरावी मॅट्रिकपाशी थांबलं, पण ही एक विद्या पक्की आहे.

सत्त्याण्णव सालची गोष्ट सांगते. वर्षभरापूर्वीच आम्ही करोल बागेतली भाड्याची बरसाती, म्हणजे गच्चीवरची खोली, सोडून नोएडाला स्वतःच्या घरात आलो होतो. पहिला मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मैदानाकडे उघडणारी गॅलरी. आमच्या ह्यांची, म्हणजे बळवंतरावांची, नोकरी रंगीत टीव्हीच्या कारखान्यात, स्टोअरमध्ये. सकाळी कंपनीची बस यायची ती गेटापाशी. सोसायटीतली निम्मी घरं अजून बंद होती, पलीकडे मोहरीची शेतं होती आणि दुपारी वारा सुटला की सगळ्या भांड्यांवर धूळ बसायची. तरी मला फार आवडायचं. त्या घरात आम्ही अजूनही राहतो आणि सुखात आहोत. हे आधीच सांगते, म्हणजे ऐकताना फार घाबरू नका.

आमची अक्षया तेव्हा नऊ वर्षांची. दिल्लीतच जन्मलेली. घरात मराठी बोलायची, पण एकेक शब्द गळत चालला होता. कोथिंबिरीला धनिया, फडक्याला पोछा. एके दिवशी पुस्तक वाचताना मला म्हणाली, "आई, अंगण म्हणजे पार्क ना?"

मी हो म्हणाले. पण ते मनाला लागलं. त्या नवरात्रात मी ठरवलं, खाली मैदानात भोंडला घालायचा.

२

मैदान म्हणजे चार ब्लॉकच्या मधली मोकळी जागा. दोन झोके, एक सी-सॉ, आणि मधोमध सिमेंटचा हत्ती. शेपटीकडून पायऱ्या चढायच्या आणि सोंडेवरून घसरत खाली यायचं. पोट खालून पोकळ होतं, पुढच्या दोन पायांच्या मधे बुटकी कमान. लपाछपीत पोरं त्यात शिरायची. एक सुळा तुटलेला होता.

पहिल्या दिवशी मी पाटावर तांदळाचा हत्ती काढून खाली नेला. सोसायटीतल्या दहाबारा मुली जमल्या. पंजाबी, बंगाली, बिजनोरकडच्या. समोरच्या घरातली ममता चड्ढा तिच्या पम्मीला घेऊन आली.

"हेमलता जी, करना क्या है इसमें?"

"काही नाही. हाथी बीच में, हम गोल गोल घूमेंगे, गाना गाएँगे. बाद में डिब्बे में क्या है पहचानना."

"गोल गोल? फिर तो मैं भी घूमूँगी, मेरी कमर को ज़रूरत है!"

एक फेर पुरा व्हायच्या आत वारा आला आणि माझा हत्ती उडाला. तांदूळ कबुतरांनी टिपले. मी खट्टू होऊन उभी राहिले, तशी पम्मी म्हणाली, "आंटी, हाथी तो है ना इधर!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. आणि सिमेंटच्या हत्तीला हळद-कुंकू लावलं, सोंडेवर झेंडूची माळ घातली. माझ्या आईने असं कधी केलं नसतं. भोंडल्याचा हत्ती आपण काढायचा आणि आपणच पुसायचा, तो कुणी दुसऱ्याने करून ठेवलेला नसतो. पण मुली खूश होत्या.

खिरापतीत फुटाणे-चुरमुरे होते. आधी थोडे हत्तीपुढे, त्या कमानीपाशी ठेवले, मग मुलींना वाटले. पुढे रोजच तसं करत गेले. दुसऱ्या दिवशी कमानीपाशी काही उरलेलं नसायचं. खारी आणि कुत्री पुष्कळ होती तिथे.

३

दुसऱ्या दिवशी मी गूळपापडी केली. फेर झाले, मी डबा वाजवला आणि म्हटलं, "पहचानो!"

"बिस्किट!"

"टॉफी!"

"मठरी!"

मग गलक्यातून एक शांत आवाज आला. "गूळपापडी."

मी कौतुकाने अक्षयाकडे पाहिलं. एवढा शब्द तिला आठवला, माझं पोट भरलं.

जिना चढताना ती मला म्हणाली, "आई, ते गुळाचं किती मस्त होतं. काय नाव त्याचं?"

"अगं, तूच ना ओळखलंस!"

"मी कुठे? मी तर मठरी म्हणाले."

तिसऱ्या दिवशी उकडलेल्या शेंगा नेल्या. डबा वाजवला. मुलींनी पत्थर म्हटलं, अख्खे अखरोट म्हटलं. मग तोच आवाज. "शेंगा. उकडलेल्या. मीठ जरा कमी पडलंय."

मी एक शेंग सोलून तोंडात टाकली. मीठ खरंच कमी पडलं होतं.

रात्री जेवताना मी ह्यांना म्हटलं, "बी ब्लॉकमध्ये कुणी मराठी बिऱ्हाड आलंय का हो?"

"माझ्या तरी ऐकण्यात नाही. का गं?"

"एक मुलगी येते भोंडल्याला. लाजरी आहे. पुढे येत नाही."

"बरं आहे की. अक्षयाला मैत्रीण होईल," ते म्हणाले. मलाही तेच वाटत होतं.

४

चौथ्या दिवशी मी लक्ष ठेवायचं ठरवलं. डब्यात शंकरपाळे होते. डबा वाजवताना मी डब्याकडे पाहिलंच नाही, मुलींच्या तोंडांकडे पाहत राहिले. एकेकीने काहीबाही सांगून झालं. सगळ्या गप्प झाल्या. कुणी नाक पुसत होती, कुणी वेणीशी खेळत होती.

"शंकरपाळे," आवाज आला.

त्या वेळी एकीचेही ओठ हललेले नव्हते.

मी स्वतःची समजूत घातली. बारातेरा मुली, संध्याकाळची वेळ, माझी नजर चुकली असेल. आवाज मात्र कुठल्याशा घागरीत तोंड घालून बोलावं तसा घुमत होता. मैदान चार भिंतींच्या मधे आहे, घुमणारच.

पाचव्या दिवशी मी एक वेडेपणा केला. केळी पिशवीत लपवून ठेवली आणि रिकामा डबा घेऊन गेले. हलवला. आवाज काय येणार?

"खाली है!" पम्मी ओरडली असती तर मी टाळी दिली असती. पण मुलींना वाटलं काहीतरी मऊ असेल. "हलवा!" "ब्रेड!" "रुई!" आणि मग तो आवाज, जरा रुसलेला.

"काकू, रिकामा आहे. आज तुम्ही फसवलंत."

नोएडात मला काकू म्हणणारं कुणी नव्हतं. मी सगळ्यांची आंटी होते.

"किसने बोला?" मी विचारलं.

मुली एकमेकींकडे बघू लागल्या. अक्षया तेवढी हसत होती, जिला गुपित माहीत आहे अशा मुलीसारखी. मी घरी तिला खोदून विचारलं. "ती खेळायला येते," एवढंच म्हणाली. "नाव काय?" तर खांदे उडवले. "कुठे राहते?" तर म्हणाली, "इथेच."

५

सहाव्या दिवशी ममता म्हणाली, "रोज़ आप ही बनाती हो, अच्छा नहीं लगता. हमारी भी बारी लगाओ."

आणि मला एकदम सुचलं. आमच्याकडे भोंडला रोज एकीच्या घरी असायचा. ज्या घरी भोंडला, त्या घरची खिरापत. मी मुलींना जवळ बोलावलं आणि मोठ्याने, हिंदीत आणि मराठीत दोन्हीत, सांगितलं, "आजपासून जी खिरापत ओळखेल, तिच्याकडे दुसऱ्या दिवशीचा भोंडला. तिच्या आईने खाऊ करायचा आणि सगळ्यांना घरी बोलवायचं."

मला वाटलं, आता तिला पुढे यावंच लागेल. घर दाखवावं लागेल, आई कोण ते कळेल. मी स्वतःवरच खूश होते.

त्या दिवशी डब्यात साखरफुटाणे होते. मी वाजवला. कुणीच ओळखलं नाही. तो आवाजही आला नाही. हरलो हरलो म्हणून मुलींनी डबा उघडायला लावला. मला वाटलं, चला, गेली ती.

सातव्या दिवशी करंज्या केल्या. डबा हातात घेऊन अजून हलवलाही नव्हता.

"करंज्या," आवाज म्हणाला. "ओल्या नारळाच्या. मग उद्या आमच्याकडे."

मुलींनी टाळ्या वाजवल्या. "किसके घर? किसके घर?"

अक्षयाने हत्तीच्या पोटाकडे बोट दाखवलं. "इसके घर."

सगळ्या खिदळल्या. तिने गंमत केली असं त्यांना वाटलं. मी मात्र त्या कमानीकडे बघत राहिले. आत नुसता अंधार होता, जसा कुठल्याही पोकळ जागेत संध्याकाळी असतो.

रात्री अक्षयाने कपाटातून चनियाचोळी काढून खुर्चीवर ठेवली. "आई, कुणाकडे पहिल्यांदा जाताना काही न्यायचं असतं ना?"

"तू कुठेही जायचं नाहीस उद्या."

"असं कसं? ती म्हणाली, आत खूप जागा आहे. खूप मुली आहेत. त्या घरी जात नाहीत, तिथेच राहतात."

मी ह्यांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, तसे ते चांगले आहेत. सकाळी बस यायच्या आधी खाली जाऊन, गुडघे टेकून आत डोकावून आले.

"चार फूट जागा आहे गं. अक्षया बसली तरी डोकं आपटेल," ते बूट झटकत म्हणाले. मग थांबले. "फक्त एक आहे. आत कुणीतरी स्वच्छ झाडून घेतलंय. पाणी शिंपडलंय. कोण कशाला झाडेल तिथे?"

पाहुणे यायचे असले की मीही तेच करते. 

६

तो अष्टमीचा दिवस. सकाळी सोसायटीतल्या पंजाबी घरांत कंजक होती. लहान मुलींना बोलवून, पाय धुवून हलवा-पुरी वाढतात. ममता दारात आली, कपाळावर घाम. "अक्षया को भेजो जल्दी! आज के दिन लड़कियाँ ब्लैक में भी नहीं मिलतीं!"

अक्षयाला मी स्वतः घेऊन गेले आणि स्वतः परत आणली. दुपारभर तिला जवळ बसवलं. संध्याकाळी भोंडला नाही, असं सगळ्या मुलींच्या आयांना कळवलं. माझी तब्येत बरी नाही म्हणून सांगितलं. दाराची वरची कडी लावली.

साडेपाचला खालून गाणं ऐकू आलं.

आपल्या मुलींचंच गाणं होतं. आठवडाभरात त्यांना चाली पाठ झाल्या होत्या, शब्द अर्धेमुर्धे. मी गॅलरीतून पाहिलं. सातआठ जणी हत्तीभोवती फेर धरून होत्या, पम्मी पुढे. आया कुणी नव्हत्या. मला राग आला, आणि हायसंही वाटलं. मुलीच त्या, खेळणारच. पण शब्द नीट ऐकले तेव्हा लक्षात आलं, आज ते अर्धेमुर्धे नव्हते. एकही शब्द चुकत नव्हता.

अक्षया माझ्या शेजारी कठड्याला टेकून उभी होती, कंजकेला घातलेली चनियाचोळी अजून अंगावरच. पाय ताल धरत होते.

कुकरची शिट्टी झाली. मी आत जाऊन गॅस बारीक केला. एवढ्यानेच झालं. परत आले तर गॅलरी रिकामी. बाहेरच्या खोलीत दारापाशी स्टूल ओढलेलं, वरची कडी काढलेली, दार सताड उघडं.

७

मी जिना कशी उतरले आठवत नाही. मैदानात पोचले तेव्हा उजेड अजून होता, आकाश पिवळसर. फेर थांबला होता. मुली हत्तीभोवती गोल उभ्या होत्या आणि अक्षया कमानीपाशी गुडघे टेकून होती. चनियाचोळी घालून. तिचा उजवा हात कोपरापर्यंत आत होता.

आतून डबा वाजत होता.

"ओळखा," तो आवाज म्हणाला. "ओळखेल तिला आधी वाढणार. आत बसवून वाढणार."

"चना!" "मखाना!" मुली ओरडत होत्या.

"नाही. नाही."

"मला माहितीये!" अक्षया म्हणाली. "मला तू कालच सांगितलंयस. सांगू?"

मी तिच्या कमरेला दोन्ही हातांनी विळखा घातला आणि मागे ओढलं. ती हलली नाही. आतून कुणीतरी तिचा हात धरला होता. ओढत नव्हतं. नुसता धरला होता, मैत्रिणीचा धरतात तसा.

वाकले म्हणून मला कमानीतून दिसलं. चार फुटांवर सिमेंटची भिंत असायला हवी होती. ती नव्हती. फार लांब, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला दिसावं तेवढं लहान, काहीतरी गोल फिरत होतं. हातात हात धरलेल्या मुलींचा फेर वाटला मला. त्यांच्या मधे काय होतं ते मी पाहिलं नाही. डोळे मिटून घेतले.

"अक्षया, गप्प बस. एक शब्द बोलू नकोस."

"पण आई..."

डबा पुन्हा वाजला आणि मी ऐकलं. माझे हात तिच्या कमरेला होते, पण कान आपलं काम करत होते. शेंगांची खडखड. तिच्यात चुरमुऱ्यांची सळसळ. मधेच एक जड ठोका, गूळपापडीचा. करंजीच्या कडा पत्र्याला घासल्यावर होतो तो कोरडा आवाज. असे पदार्थ एकत्र कुणी करत नाही. ते एका डब्यात यायला एकच वाट होती. रोज मी हत्तीपुढे जे जे ठेवलं, ते कुणी खाल्लंच नव्हतं. सांभाळून ठेवलं होतं. परत आम्हालाच वाढण्यासाठी.

"माझंच आहे," मी म्हटलं. अक्षयाच्या आधी म्हटलं. "सात दिवसांचं. मी तुमच्यापुढे ठेवलेलं सगळं."

डबा थांबला. 

"बरोबर, काकू," आवाज म्हणाला. खूश झाला होता. "या मग आत."

तेव्हा माझं डोकं कसं चाललं ते मलाच नवल आहे. माझी मुलगी त्यांच्या घरी गेली तर तिला परत कोण आणणार? पण पाहुणी आपल्या घरी आली, तर तिला खाऊ घालून वेळेवर परत पाठवता येतं. हे प्रत्येक आईला माहीत असतं.

"मी मोठी आहे गं," मी म्हटलं. शेजारच्या मुलीशी बोलावं तसंच बोलले. "मी नाही मावणार तुमच्याकडे. आणि आता ओळखलं कुणी? मी. मग नियमाने पाळी माझी. उद्याचा भोंडला आमच्याकडे. तुम्हीच या. पहिला मजला, डावीकडचं दार. खाणंही तिथेच. आज कुणी कुणाला वाढायचं नाही."

 लांब कुणाच्या तरी घरात जनरेटर सुरू झाला.

"सगळ्या येऊ?"

मला ते लांबचं गोल फिरणं आठवलं. किती असतील कोण जाणे. अक्षयाचं अंग माझ्या हातात गरम लागत होतं.

"सगळ्या या," मी म्हटलं.

अक्षयाचा हात सुटला. आम्ही दोघी मागे पडलो, ती माझ्या मांडीवर. तिच्या मनगटावर काही खूण नव्हती, फक्त तळव्याला ओली माती लागली होती. पम्मीने एकदम रडायला सुरुवात केली आणि मग सगळ्याच रडायला लागल्या, झोपेतून उठवल्यासारख्या. एकेकीला मी तिच्या तिच्या दारापर्यंत पोचवून आले. ममताने मला दारातच धरलं. "क्या हुआ? आप तो बीमार थीं!"

"अब ठीक हूँ," मी म्हटलं.

आमचे हे आले तेव्हा अक्षया गाढ झोपली होती. मी त्यांना म्हटलं, "उद्या सुट्टी घ्या. हिला सकाळीच कँटोन्मेंटला वैजयंतीकडे सोडा, परवापर्यंत राहू दे." वैजयंती माझी धाकटी बहीण, तिचे यजमान फौजेत. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि कशाला असं विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "आणि तू?"

"माझ्याकडे भोंडला आहे," मी म्हटलं.

८

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं. दारापासून जिन्यापर्यंत आणि जिन्याच्या प्रत्येक पायरीवर, खाली दिसेनाशी होईपर्यंत, लहान मुलींच्या चपला जोडीजोडीने काढून ठेवलेल्या होत्या. मी अक्षयाला कडेवर घेऊन ह्यांच्याबरोबर रिक्षात बसवून दिलं, वर आले, दार उघडंच ठेवलं आणि पोहे भिजत घातले.